सकाळी चालणं होतं, पण दिवसभर खुर्ची सुटत नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चाळिशीच्या जवळ, काम पूर्ण संगणकावरचं, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. रोज सकाळी पाऊण तास भरभर चालणं होतं. तरी दुपारनंतर कंबर धरते, पाय जड होतात आणि चारच्या सुमारास डोकं चालेनासं होतं. बसून राहणं घातक असतं हे वाचल्यापासून सकाळचं चालणं फुकट जातंय की काय, अशी शंका आहे. उभ्याने काम करायचं टेबल घ्यावं का? आणि कामाच्या रगाड्यात दर अर्ध्या तासाला उठायचं तरी कसं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत बैठं काम करणाऱ्यांचाच भरणा जास्त असतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. उत्तर आधीच सांगते: चालणं अजिबात फुकट जात नाही, टेबल घेतलं नाही तरी चालेल, आणि उठणं आठवणीवर किंवा निश्चयावर सोडलंत तर ते टिकणार नाही. ते कामातल्याच एखाद्या टप्प्याला बांधावं लागतं. या शेवटच्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

पण आधी चालण्याबद्दलची भीती काढून टाकू. २०१६ साली उल्फ एकेलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणारे, पण रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम जोराची हालचाल करणारे जे लोक होते, त्यांच्यात जास्त बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ दिसेनासा झाला होता. उलट जे चार तासांपेक्षा कमी बसत, पण बाकी काहीच हालचाल करत नसत, त्यांचा धोका या लोकांपेक्षा जास्त होता. म्हणजे व्यायामाचं पारडं बसण्यापेक्षा जड आहे. ‘बसणं म्हणजे धूम्रपानच’ असं वाक्य सगळीकडे फिरतं, त्याकडे लक्ष देऊ नका. तंबाखूचा धोका याच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि अशा घाबरवण्याने माणूस व्यायामच सोडून देतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. रोजची ४५ मिनिटं धरली तर तुमची आठवड्याची ३१५ होतात. इथे तुम्ही उत्तम स्थितीत आहात. त्याच शिफारशींमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि बसण्याचा वेळ कमी करून त्या जागी कुठलीही, अगदी हलकीसुद्धा, हालचाल. किती तास बसलं तर चालतं याचा आकडा मात्र संघटनेने दिलेला नाही. ‘इतक्या तासांच्या वर गेलात की संपलं’ असं ठामपणे सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

बैठ्या कामाचा हृदयाशी संबंध जोडणारं संशोधन तसं जुनं आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर स्टिअरिंगपुढे बसलेल्या चालकांपेक्षा सतत जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. टपाल वाटणारे पोस्टमन आणि कचेरीत बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक सापडला. मला त्या माणसाचा विशेष आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. चालक मुळातच स्थूल होते का, हे तपासायला त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या, आणि चालकांच्या पँटची कंबर खरोखरच मोठी निघाली. काम माणसाला बदलतं तसं माणूसही आपल्याला जमेल ते काम निवडतो, हे त्यांनी लपवलं नाही. निरीक्षणावर आधारलेला प्रत्येक अभ्यास असाच जरा हात राखून वाचावा.

मग सकाळी चालूनही दुपारी तुमचे हाल का होतात? कारण ते पाऊण तासाचं चालणं आणि पुढचे सलग तीन-चार तास न हलणं या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत.

मांड्या, नितंब आणि पोटऱ्या इथले स्नायू शरीरात सर्वांत मोठे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा रक्तातली साखर आत ओढून घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं त्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर येतात, आणि हे इन्सुलिनच्या मदतीशिवायही होतं. खुर्चीत बसल्यावर हे मोठे स्नायू जवळजवळ निजतात, त्यामुळे जेवणानंतर चढलेली साखर उतरवण्याचा जवळपास सगळा भार इन्सुलिनवर पडतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या १९ प्रौढांवर प्रयोग केला. सलग पाच तास बसण्याऐवजी दर २० मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं, तर साखरेची चढण सुमारे पाव हिश्शाने कमी झाली. मुख्य म्हणजे अगदी सावकाश चालूनही जवळपास तेवढाच फायदा मिळाला. घाम येण्याची गरज नव्हती.

पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डियाझ यांनी नेमका तुमचाच प्रश्न प्रयोगात घातला: किती वेळाने उठायचं आणि किती वेळ चालायचं? दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं हा एकच प्रकार साखर आणि रक्तदाब या दोन्हींवर ठळक परिणाम करणारा निघाला. मोठ्या जेवणानंतरची साखरेची उसळी दिवसभर बसण्याच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाली. दर अर्ध्या तासाने एकच मिनिट चालल्यावर साखरेला थोडासा फायदा झाला. तासातून एकदा चालण्याचा साखरेवर परिणाम दिसला नाही, पण रक्तदाब प्रत्येक प्रकारात चार ते पाच अंकांनी उतरला. प्रयोगात माणसं फक्त ११ होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. दिशा मात्र साफ आहे. जास्त वेळा उठणं हे जास्त वेळ चालण्याइतकंच, बहुधा थोडं अधिकच, महत्त्वाचं.

पाय जड होण्याचं कारण पोटरीत आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं बरंच काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचललं की ते शिरांना दाबतात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला पुन्हा खाली उतरू देत नाहीत. तासन्‌तास पाय लोंबत ठेवून बसलं की हा पंप बंद पडतो, घोट्यांभोवती पाणी साचतं आणि मोज्यांचे वळ उमटतात. २०१६ मध्ये मिसूरी विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांना तीन तास बसवून एकच पाय अधूनमधून हलवायला सांगितलं होतं. स्थिर पायातल्या रक्तवाहिनीची ताणण्याची क्षमता घटली. हलवलेल्या पायातली घटली तर नाहीच, उलट सुधारली. बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय असलेल्यांना लहानपणापासून बोलणी खावी लागतात. निदान कामाच्या टेबलाखाली तरी त्यांनी ती सोडू नये, असं माझं मनापासून सांगणं आहे.

आता कंबर. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगते. ताठ बसण्याच्या मागे लागू नका. १९६०च्या दशकात आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या गादीतला दाब मोजला आणि बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त असतो असं सांगितलं. तेव्हापासून ‘पाठ सरळ ठेवा’ हा मंत्र झाला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजमापात, सैल टेकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमीच आढळला. बसण्याच्या एकाच पद्धतीला दोषी किंवा आदर्श ठरवण्याइतका पुरावा नाही. मणक्यातल्या गादीला प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडांमधून झिरपत येतं, आणि दाब पडणं व सुटणं यातून, स्पंज दाबून सोडावा तसं, पाणी आतबाहेर होतं. ताठ बसून दाब कायम राहिला काय किंवा वाकून राहिला काय, गादीला हवी असते ती अदलाबदल. त्यामुळे टेकून बसा, पुढे सरकून बसा, एक पाय पायपट्टीवर घ्या, थोडा वेळ उभं राहा. एकाच ठेवणीत अर्ध्या तासाच्या वर अडकू नका, बस.

खुर्ची-टेबलाची मापं मात्र एकदा नीट बसवून घ्या, ते पाच मिनिटांचं काम आहे. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, कोपर साधारण काटकोनात आणि टेबलाच्या पातळीला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. लॅपटॉपवर आठ तास काम करत असाल तर कीबोर्ड वेगळा हवाच; नाहीतर एक तर मान वाकते किंवा खांदे वर चढतात, तिसरा पर्याय उरत नाही.

आता मुख्य गोष्ट, उठायचं कसं.

सगळे जण पहिला उपाय करतात तो गजराचा. मोबाइलवर किंवा घड्याळावर दर ३० मिनिटांनी ‘उठा’ अशी सूचना. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग एक दिवस ती सूचना मीटिंगमध्ये येते, एक दिवस अवघड हिशेब जुळत आलेला असताना येते, आणि हात आपोआप ती बंद करू लागतो. काही आठवड्यांत ती कानावर पडते, पण ऐकू येत नाही. यात दोष माणसाचा नाही. गजराला कामाचं भान नसतं. तो विचाराच्या मधोमध घुसतो, आणि ज्याचं पोट डोक्याच्या कामावर चालतं तो माणूस विचार वाचवायलाच बघणार.

म्हणून घड्याळाऐवजी कामाचे सांधे शोधा. प्रत्येक कामात असे क्षण असतात की एक गोष्ट संपलेली असते आणि दुसरी सुरू व्हायची असते. मोठा ईमेल पाठवला. फाइल अपलोड होते आहे. प्रोग्राम चाचणीला लावला. अहवाल छपाईला दिला. फोन वाजला. मीटिंग संपली. या क्षणी उठल्याने काहीही बिघडत नाही, कारण डोकं आपसूकच मोकळं झालेलं असतं. दोन दिवस आपलं काम फक्त न्याहाळा आणि असे सांधे लिहून काढा. त्यातले तीनच निवडा, जास्त नको. आणि नियम इतका साधा ठेवा की विचार करावा लागू नये: फोन आला की उभं राहायचं. पाठवा बटण दाबलं की खिडकीपर्यंत जाऊन यायचं. मीटिंग संपली की स्क्रीनवर पुढचं काम उघडण्याआधी एक फेरी.

माझ्या अनुभवात या तिघांपैकी फोन सगळ्यात लवकर अंगवळणी पडतो. स्क्रीन बघावी लागत नाही असे दिवसातले सगळे फोन चालत घेतले, तर न ठरवता २०-३० मिनिटं चालणं होऊन जातं. तार नसलेला हेडफोन असेल तर आणखी सोपं. बरेच जण सांगतात की चालत बोलताना बोलणं आटोपशीर होतं आणि आवाजही मोकळा येतो. मला त्याचं नवल वाटत नाही. छाती दबलेली नसते.

दुसरी युक्ती वस्तूंच्या जागांची. हाताशी सगळं असणं ही आपण सोय समजतो, आणि तीच आपल्याला खिळवते. दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवून पाणी भरपूर पिणारे अभिमानाने सांगतात; मी त्यांना लहान पेला घ्यायला सांगते. पेला रिकामा झाला की भरायला उठावंच लागतं. कचऱ्याची टोपली, मोबाइलचा चार्जर, प्रिंटर, क्वचित लागणारे कागद, हे सगळं हात पुरणार नाही इतकं लांब ठेवा. स्वच्छतागृह एक मजला वरचं किंवा खालचं वापरा आणि जिन्याने जा. दहा पावलांवर बसलेल्या सहकाऱ्याला निरोप टाइप करण्यापेक्षा जाऊन विचारा, तो कामात बुडालेला नसेल तर.

खरोखर डोकं खुपसून करायचं काम असेल तेव्हा अर्ध्या तासाचा आग्रह मी धरत नाही. पन्नास मिनिटं, फार तर तासभर सलग बसा. मात्र पाय टेबलाखाली हलते ठेवा, आणि उठलात की पाच मिनिटं नीट चालून या. दिवसाच्या बाकीच्या तुकड्यांमध्ये उठणं जास्त वेळा होऊ द्या. दिवसभरात दहा-बारा वेळा खुर्ची सुटली तर मी समाधानी असते.

मीटिंगचा प्रश्न एकट्याने सुटत नाही. तासाची मीटिंग ५० मिनिटांची ठेवणं आणि उरलेली १० मिनिटं खरोखर मोकळी सोडणं, हे मीटिंग बोलावणाऱ्याच्या हातात असतं. ज्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तुम्ही निव्वळ ऐकणारे असता, तिथे उभं राहा; कुणाची हरकत नसते, फक्त पहिला कोणी नसतो. हे वाचणाऱ्यांत कुणी गटप्रमुख असेल तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तुम्ही आधी उभे राहा. माणसं उठत नाहीत यामागे आळसापेक्षा संकोच जास्त असतो. जागेवर दिसलो नाही तर काम करत नाही असं वाटेल, ही भीती असते. घरून काम करणाऱ्यांना तर चॅटमधला हिरवा ठिपका विझेल याची धास्ती असते. ती धास्ती वरच्यांच्या एका वाक्याने जाते, माझ्या दहा व्यायामांनी जात नाही.

घरून काम करणाऱ्यांबद्दल थोडं वेगळं. जाण्यायेण्यात, जिन्यांवर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जी पावलं नकळत पडत होती ती सगळी गेली, आणि कित्येकांचं जेवणही त्याच टेबलावर होऊ लागलं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं घराबाहेर चालून या. संध्याकाळच्या त्या फेरीने काम संपल्याचं डोक्यालाही कळतं. जेवायला मात्र टेबल सोडाच.

चार वाजताच्या मरगळीवर माझा पहिला उपाय दुपारच्या जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली हाच आहे. साखर चढायला लागते नेमक्या त्या वेळी पायांचे स्नायू कामाला लागतात. वेग संथ असला तरी चालेल, पण जेवून लगेच खुर्चीत जाऊ नका. दिवसभरातली एकच गोष्ट जमणार असेल तर मी ही निवडेन.

उभ्याने काम करायच्या टेबलाविषयी. त्याचा उपयोग होतो, पण ज्यासाठी ते घेतलं जातं त्यासाठी नाही. बसण्याऐवजी उभं राहिल्याने मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होतात, असं २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. म्हणजे तासाला नऊ. वजन उतरवायला हे टेबल घेणाऱ्यांच्या पदरी निराशाच येते. बसण्याचा वेळ मात्र त्याने कमी होतो. इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनांच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, मार्गदर्शन आणि उंची बदलणारं टेबल दोन्ही मिळालेल्यांचं बसणं वर्षभरानंतर इतरांपेक्षा दिवसाला ६४ मिनिटांनी कमी होतं, फक्त मार्गदर्शन मिळालेल्यांचं २२ मिनिटांनी. टेबलाने फरक पडतो, हे यातून दिसतं. पण टेबल नसतानाही २२ मिनिटं सुटली, हेही दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ८३ हजार प्रौढांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींवरून असं आढळलं की जास्त उभं राहण्याने हृदयविकाराचा धोका कमी होत नाही, आणि दिवसाला दोन तासांच्या वर उभं राहणं जसजसं वाढतं तसतसे शिरा फुगण्यासारखे रक्ताभिसरणाचे त्रास वाढतात. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांच्या पोटऱ्या पाहिलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. एकाच जागी उभं राहणं हीसुद्धा स्थिरताच आहे. टेबल असेल तर २०-३० मिनिटं उभं राहा, मग बसा. उभं असताना वजन या पायावरून त्या पायावर घ्या, अधूनमधून टाचा उचला, आणि मऊ तळाची पादत्राणं घाला. असं टेबल नसेल तर कमरेइतक्या उंचीचं कपाट वाचनाच्या आणि फोनच्या कामाला पुरतं. चालत्या पट्ट्यावर टाइप करायचं यंत्र मी सहसा सुचवत नाही. वाचायला, ऐकायला ठीक, पण बारीक माऊसचं काम त्यावर बिघडतं आणि महिन्याभरात त्यावर कपडे वाळत पडतात.

खुर्चीजवळ करायचे व्यायाम भरपूर सापडतील. मी मोजकेच सांगते. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, सावकाश, आठ-दहा वेळा. मांड्या आणि नितंब दोन्ही जागे होतात. टेबलाला धरून टाचा उचलणं, १५-२० वेळा, पायातल्या जडपणासाठी. एक पाय मागे नेऊन गुडघा किंचित वाकवून उभं राहायचं आणि मागच्या बाजूचा नितंब आवळायचा, म्हणजे खुब्याच्या पुढचा आखडलेला भाग ताणला जातो. दोन्ही बाजूंना अर्धा मिनिट. आणि भिंतीला हात टेकून जोर. यातलं एखादं प्रत्येक उठण्यासोबत करा, सगळं एकदम नको. मान गोलगोल फिरवण्याची सवय असेल तर ती सोडून हनुवटी हळूच मागे घ्या आणि खांद्यांची पाती एकमेकींकडे ओढा, अवघडलेल्या मानेला त्यानेच लवकर आराम पडतो.

ताकदीचा व्यायाम तुमच्या दिनक्रमात दिसत नाही, आणि कंबर धरण्यामागे माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. आठवड्यातले दोन दिवस चालणं २० मिनिटांनी कमी करून त्या वेळात बैठका, जोर, पालथं झोपून छाती उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं असं काही करा. दोन-अडीच महिने नेमाने केलंत तर कमरेत फरक जाणवण्याची मला पूर्ण आशा आहे. मूठभर लोकांना मी यासाठी चालणं कमी करायला सांगते, आणि तुम्ही त्यांपैकी आहात.

संध्याकाळ विसरू नका. एकेलुंड यांच्या त्याच अभ्यासात टीव्हीपुढे रोज पाच तास किंवा जास्त बसणाऱ्यांना भरपूर व्यायामानेही धोका पूर्णपणे टाळता आला नव्हता. दिवसभर बसून थकलेला माणूस घरी येऊन सोफ्यावर पडतो, कारण ते बसणंच त्याला श्रम वाटतं. थकवा डोक्याचा असतो, पाय ताजेच असतात. घरकामं, मुलांशी खेळणं, बाजारहाट हे सगळं इथे जमेला धरा.

मोजायचं असेल तर पावलांचा एकूण आकडा मोजू नका. दहा हजार पावलांचं लक्ष्य प्रयोगशाळेतून आलेलं नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून ते रूढ झालं. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा २,७०० च्या तुलनेत ४,४०० पावलांनीही मृत्यूचा धोका बराच कमी दिसला, आणि सुमारे ७,५०० नंतर आणखी फायदा वाढेनासा झाला. तरुणांचा आकडा याहून वर जातो, पण दहा हजारांची धास्ती कुणीच घेऊ नये. तुमच्यासारख्याने तासागणिक नोंद बघावी. सकाळी सहा हजार पावलं आणि अकरा ते दोनच्या दरम्यान शून्य असं दिसलं तर दुरुस्ती कुठे करायची ते लगेच कळतं.

काहींनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणारी औषधं घेत असाल, तर जेवणानंतर चालणं वाढवल्यावर साखर तपासत राहा, औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी फिरू नका. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनाही बसणं मोडता येतं: हातांची जोरकस हालचाल, खुर्ची ढकलत एक फेरी, हातांवर भार घेऊन शरीर किंचित उचलणं, त्वचेवरचा दाब सुटण्यासाठी तर ते लागतंच.

आणि काही लक्षणांवर व्यायाम हे उत्तर नसतं. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली तर शिरेत गुठळी असू शकते; चोळू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर सकाळपर्यंतही थांबू नका. रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, हेही आधी डॉक्टरांना सांगा, मग माझ्यासारख्यांकडे या.